सक्तीचा पेपर

सातपूरची शिफ्ट सुटली की सहाचा वर्ग.
बोटांना कुलंटचा वास, वही जराशी तेलकट.
वेळापत्रकात सीएनसी, ड्रॉइंग, मोजमापं
आणि शनिवारी, सक्तीनं, सामान्य शिक्षण.
"यानं पगार किती वाढतो?" गांगुर्डेनं विचारलं.
खैरनार मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, रविवारी पांडवलेण्यावर या. डबा आणा.

भिंतभर कोरलेल्या ओळी. वाटलं, देवाचं काहीतरी असेल.
मॅडमनी सावकाश अर्थ सांगितला:
राजाच्या जावयाची ठेव, दोन हजार कार्षापण,
गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे.
व्याज महिना शेकडा एक.
त्यातून वीस भिक्खूंना चिवरं, माणशी बारा.
मुद्दलाला हात लावायचा नाही.

गांगुर्डेनं मोबाइल काढला.
वर्षाचे दोनशे चाळीस. भागिले वीस.
"बरोबर येतंय की!"
मग भिंतीकडेच बघत म्हणाला,
"आमच्या पतपेढीत व्याज कुठं जातं, कुणाला ठाऊक."

मी मात्र छिन्नीचे घाव बघत होते.
कोपऱ्यातलं काम अर्धवट सुटलेलं,
घाव उलट्या बाजूनं तिरपे.
डावखुरा असावा. माझ्यासारखा.
इतक्या वर्षांनी कुणीतरी
त्याची फिनिशिंग तपासत होतं.

सोमवारी तोच जॉब, तोच टॉलरन्स,
पगार तेवढाच.
जेवणाच्या सुट्टीत गांगुर्डे
पतपेढीच्या नियमांचं पुस्तक घेऊन बसला.
भाजी गार झाली.
"सहाव्या पानावर बघ," मला म्हणाला,
"इथं काय लिहिलंय?"