बत्तीस पानं

पाच दुकानं फिरून झाली होती तिची.
बर्डी, गांधीबाग, मग कुणीतरी सांगितलं म्हणून
मस्कासाथला, पराते जनरल स्टोअर्स. म्हणजे मी.
तोंडाला दुपट्टा, आपल्या पोरी बांधतात तसा, फक्त डोळे उघडे,
अन् ते डोळे निळे.
नाव इल्दिको. कोराडीला टर्बाइन बसवायला आलेली.
हिंदी तोडकी. माझी इंग्रजी तिच्याहून तोडकी.

पत्ते पाहिजे होते.
मी कॅट ठेवला पुढ्यात, चाळीस रुपयांचा.
हे नाही, म्हणाली. आमचे.

बिलबुकाच्या पाठीवर काढून दाखवले मग.
पहिलं चिन्ह पाहून मी ओरडलोच, बिबा!
ते तिकडच्या झाडाचं फळ निघालं, टोपीवालं,
डुकरं खातात म्हणे.
दुसरं, झाडाचं साधं पान. पानावर पान.
तिसरं काळीज.
चौथं मला घुंगरू वाटलं, पण त्याचं नाव कोहळं.
अन् राणी?
राणीच नाही. एक वरचा शिपाई, एक खालचा.
एक्क्यांवर चार ऋतू.

मी बदामावर बोट ठेवलं.
बदाम म्हणजे काय ते तिला कळेना,
तेव्हा बरणीतला एक काढून तळहातावर दिला.
हसत सुटली. काळजाला बदाम!
म्हटलं, बाप्पा, तुमचं कोहळं अन् आमचा बदाम,
दोन्हीकडे पत्त्यांत किराणाच भरला आहे.

आणि किलवर? तिनं विचारलं.
तीस वर्षं कॅट विकतोय, मला ठाऊक नाही.
इस्पिक कुणाचं, किलवर कुठल्या गावचं,
कोणत्या जहाजातून उतरलं अन् इथलंच होऊन बसलं,
मस्कासाथात आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी मीच कॅट फोडला.
दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की,
चारी रंगांतल्या वेचून बाजूला टाकल्या,
सात-आठ खेळताना टाकतो तशा.
उरली बत्तीस.
तिनं मोजली. तिच्या भाषेत पुन्हा मोजली,
अन् शेवटच्या पानावर अंगठा ठेवून
जरा वेळ तशीच उभी राहिली.
वीस पानं काउंटरवर सोडून गेली, पैसे पूर्ण देऊन.
ती मी गल्ल्यात ठेवली. फुटका कॅट कोण घेतो?

आठ दिवसांनी परत आली, चिडून.
खेळ तिघांचा.
एक ती, एक तिच्या कंपनीतला मिक्लोश,
तिसरे तिचे वडील, व्हिडिओ कॉलवर,
अन् फोनमधून हात बाहेर काढून पत्ते उचलता येत नाहीत.
तिसरा माणूस, तिनं विचारलं, कोणत्या दुकानात मिळतो?

म्हणून शनिवारी आता शटर अर्धं पडतं.
कुलर लावतो, नवी खस भरलेला,
पोत्यावर तिघं बसतो.
चौकटीवर तिनं बॉलपेननं कोहळी काढली आहेत,
किलवरवर बिबे, चारी राण्यांना मिशा.
बदामाला हात लावला नाही.
प्रमिला विचारते, काहून हो, पैसे लावून तं नाही खेळत?
लावले असते तर दुकान गेलं असतं.
हुकमाची सत्ती शेवटपर्यंत दडवायची
अन् शेवटचा हात त्या एवढ्याशा पानानं मारायचा,
असा त्यांचा मोठा डाव.
मी तिसऱ्याच हाताला घाबरून तिला टाकून देतो.

काल किलवरचा एक्का कुलरसमोर राहिला.
त्यावर तिनं हिवाळा काढलेला:
म्हातारा, कमरेत वाकलेला, पाठीवर लाकडाची मोळी.
शिंतोडे उडाले. आधी मोळी पसरली, मग दाढी.
मिक्लोश म्हणाला, दुसरा काढू.
ती त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली
अन् ओल्यानंच पानं पिसली.
रात्रीचे साडेनऊ. रस्ता अजून तव्यासारखा.
पुढच्या डावात तो म्हातारा माझ्या वाट्याला आला.
उचलला, तर बोटांना निळी शाई.