गळती

भांडुपच्या कचेरीत मला एक खुर्ची मिळाली,
अकरा वर्षांच्या तक्रारींची वही, संगणकात चढवलेली,
आणि एक वाक्य: मॅडम, फुटायच्या आधी सांगा.

पहिला महिना निवडटिपणात गेला.
सोनापूर गल्ली, सोनापुर लेन, सोनापूर ग.,
एकच गल्ली, तीन नावांनी तीनदा फुटलेली.
एकशे बारा पाइपांचं जन्मसाल १९००.
एवढं जुनं लोखंड? मी चकित.
टायपिस्ट हसला. साल माहीत नसलं की आम्ही तेच टाकतो.
दाबाच्या रकान्यात शून्य.
शून्य म्हणजे पाणी आलं नाही,
की मीटर मेला,
की वाचणारा गावी गेला होता
शिमग्याला?
तारखा ताडून पाहिल्या. शिमगाच होता.

मग पहिलं मॉडेल बसवलं.
शंभरात नव्याण्णव अचूक!
केणी साहेबांनी चहा मागवला.
चहा निवेपर्यंत कळलं,
ते प्रत्येक पाइपाला एकच म्हणतंय: गळत नाही.
आणि शंभरात नव्याण्णव गळत नाहीतच.

दुसरं त्याहून हुशार निघालं.
गळका पाइप बरोबर हेरायचं, कसं कोण जाणे.
तीन रात्री त्याच्या मागावर राहिले.
'ठेकेदाराचं नाव' या रकान्यात ते डोकावत होतं,
आणि ठेकेदार नेमतात
पाइप फुटल्यावर.
मागच्या पानावरचं उत्तर बघून सोडवलेलं गणित.
आमच्या धंद्यात यालाही गळतीच म्हणतात.
पाण्याची शोधायला निघाले,
सापडली माझ्याच तक्त्यात.

तो रकाना काढला.
नऊ वर्षं दाखवली, शेवटची दोन झाकून ठेवली.
दहा ठिकाणं सांगितली तर सहा खरी निघू लागली,
आणि मला त्या महिन्यात पहिल्यांदा झोप लागली.

खोदणारी टोळी एक, रात्रीला खड्डे दोन.
म्हणून टक्के, आलेख, रंग सगळं पुसलं.
संध्याकाळी फक्त दोन ठिकाणं
चिठ्ठीवर लिहून द्यायची
चावीवाल्या भुवडांकडे.

भुवड चिठ्ठी खिशात घालत. वाचत नसत.
पहाटे साडेतीनला चावी फिरवून
लोखंडी कांब रस्त्याला टेकवत,
दुसरं टोक कानाला.
पाणी चालतं तेव्हा पुटपुटतं, म्हणाले.
गळतं तेव्हा दात खातं.

मी नवा रकाना केला: भुवड.
आलं, नाही आलं, शंका.
दोन महिन्यांनी पाहते तर
पाइपाचं वय, माती, दाब, वरून जाणारे ट्रक,
सगळ्यांहून जास्त वजन 'शंका'ला.

टेकडीखालची एक पट्टी मात्र नेहमी निर्धोक.
अकरा वर्षांत तक्रार एकही नाही.
भुवडांना दाखवली. चपला घाला, म्हणाले.

पाइपाच्या जोडाला बोटभर फट,
खाली निळं पिंप,
मागे हंडे, कळशा, तेलाचे डबे,
आणि एक मुलगी मोबाइलवर वेळ लावून
प्रत्येकीची पाळी सांभाळत.
तक्रार कोण करील, मॅडम?
हाच त्यांचा नळ.

कचेरीत परत. रकान्यात लुकलुकती उभी रेघ.
एक टाकला, तर टोळी आज रात्रीच जाईल.
शून्य टाकलं, तर मशीन खोटं शिकेल,
आणि जिथे जिथे कुणी ओरडत नाही
तिथे सगळं ठीक आहे, असं सांगत सुटेल.
इतके दिवस मी रिकाम्या जागा भरत आले,
कधी सरासरीने, कधी शेजारच्या पाइपावरून.
ही एक जाणूनबुजून रिकामी ठेवली.

आता बाकीच्या रिकाम्या चौकोनांवरून जाताना
हात थांबतो.
१९०० लिहिणाऱ्याला
खरंच साल माहीत नव्हतं का?

यादी झाली का, केणी साहेब विचारतात.
झाली, दोन ठिकाणं.
भुवड चिठ्ठी घेतात,
आज पहिल्यांदाच उघडून वाचतात,
दोनदा,
मग घडी घालून खिशात ठेवतात.