मूळ

रंगाचा पक्केपणा असा तपासतात:
कापडाची पट्टी घ्यायची, अर्धी काळ्या पुठ्ठ्याखाली,
अर्धी उघडी.
गच्चीवर ठेवायची, वर वीट,
आणि तारीख विसरायची नाही.
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
मी हेच करते. यंत्र मागितलं होतं.
मालक म्हणाले, सोलापूरच्या मे महिन्यापुढं
कसलं यंत्र लावतेस?

पुठ्ठा उचलला की रेघ दिसते.
एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला
जे उरलं ते.
मी वहीत आकडा टाकते.

आई, राजव्वा येमूल, एकतीस वर्षं
साखर पेठेत रंगाऱ्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत
ओल्या सुताच्या लडी बांबूवर पसरायची.
पदर डोक्यावर, तोही विटका, विरविरीत,
हात कोपरापर्यंत उघडे.
आनंदी, अस्मानी, मोरपंखी, चिंतामणी:
निळ्याची कुळं तिला सोयऱ्यांसारखी पाठ.

तिच्या डाव्या डोळ्यात नाकाकडून
मांसाचा बारीक कोंब निघाला,
वेलासारखा, बुबुळाकडं.
आधी म्हणाली धूळ आहे.
मग म्हणाली वय आहे.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं.
उन्हात असतं हे, म्हणाल्या, दिसत नाही.
अतिनील.
आई सरसावून बसली. निळ्याचा विषय होता.
"कुठल्या डब्यातला ओ त्यो?"
डब्यात नाही मावशी,
जांभळ्याच्याही पलीकडचा.
"जांभळ्याच्या पलीकडं काळा असतोय,"
आई म्हणाली,
आणि मला तेलुगूत हळूच: हिला रंगातलं कळत नाही.

काळा चष्मा दोन दिवस टिकला.
तिसऱ्या दिवशी तिनं डाळिंबी लडींच्या गठ्ठ्यात
विटकरी बांधली.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा माल परत आला.
चष्मा तिनं उतरवला तो
तांदळाच्या डब्यात ठेवला, जणू त्याचीच चूक.

मग मी पांढऱ्या काचेचा आणला.
पांढरा म्हणजे बिनरंगी, आरपार.
दुकानदार म्हणाला हाही अडवतो ते.
आईनं बोट घातलं काचेमागं, बोट दिसलं.
"उजेड येतो तर ऊन येणार नाही व्हय?
चाळणीत पाणी धरालीस का काय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. गच्ची होती.
सगळ्यात कच्चा गुलाबी निवडला, आकडा दोन,
वर चष्मा पालथा ठेवला, दांड्यांवर विटा,
आणि शेजारी तसलाच तुकडा उघडा.
नऊ दिवस. पारा चव्वेचाळीसच्या खाली आला नाही.
कावळे पाण्याच्या टाकीच्या सावलीत
चोच उघडी टाकून बसायचे,
तेही सावली सरकली की सरकायचे.
आम्हीच तेवढे शिकलेले.

नवव्या दिवशी दोन्ही तुकडे आईच्या मांडीवर.
एक पार भुरका, जुन्या पत्रिकेसारखा.
दुसऱ्यात दोन गोल,
थोडे उतरलेले, खोटं कशाला बोलू,
पण गुलाबी.
दोन डोळे तिच्याकडं बघत होते.

ती कितीतरी वेळ अंगठ्यानं चाचपत राहिली,
उजेडाकडं धरलं, वळवलं, हुंगलंसुद्धा.
माझं नाही, डॉक्टरीणबाईंचं नाही,
तिनं कापडाचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चष्मा तिच्या नाकावर होता.
आणि बांबूंच्या वर
परत आलेल्या मालाच्या दोन चादरी ताणून बांधल्या,
जाड विणीच्या, गडद.
"पातळ फडकं बांधाल तर बांधू नका," ती बाकीच्यांना सांगत होती,
आता तिलाच सगळं ठाऊक.

रात्री तिनं बांगड्या उतरवल्या,
हात धुवायला.
मनगटावर एक पट्टा उमटला होता,
बोटभर रुंद, फिकट गव्हाळ,
कोणा दुसऱ्याच बाईचा वाटावा असा.
मी नकळत आकडा शोधू लागले.

वहीत पहिल्या रकान्यात
न उन्हाळलेला तुकडा चिकटवतात.
त्याखाली लिहायचं असतं: मूळ.
आईनं बांगड्या परत चढवल्या
आणि विचारलं, काय बघालीस?