अर्धं बाहेर, अर्धं आत

उर्ते फोनवर म्हणाली, आर्हुसहून :
आई, जुन्या कॉम्प्युटरवरचं माझं ते फोल्डर पाठव.
पण तसंच नको, आधी निवडून घे.
नवा अपडेट आलाय, आणि त्यातलंच काहीतरी
गेम उघडू देत नाहीये.

निवडून घे म्हणे.
जणू सप्टेंबरात जंगलातून आणलेल्या अळंब्या,
किडक्या इकडे, धडक्या तिकडे.

नऊ हजार चारशे अठरा फायली.
केस, पापण्या, पडदे, बादल्या,
एकाच सोफ्याचे चाळीस रंग,
शेजाऱ्यांनी न सांगता येऊ नये म्हणून एक मॉड,
शेजारी यावेत म्हणून दुसरा.
आणि नावं तरी काय एकेक :
शेवटचं. शेवटचं_खरं. शेवटचं_आता_नक्की.

मी क्लाइपेडाच्या बंदरात, शीतगृहात,
एकोणीस वर्षं मालाची नोंद ठेवते.
उणे बावीस.
हेरिंगचं कुठलं खोकं कुठल्या फळीवर, कुठल्या बोटीचं,
मला झोपेतून उठवून विचारा.
आणि माझ्याच स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे
पोरगी हे गोदाम भरत होती
तेव्हा मला वाटायचं, अभ्यास चाललाय.

रीत तिनंच सांगितली.
अर्धं बाहेर काढ, गेम लाव.
उघडला तर खोट बाहेरच्यात,
नाही उघडला तर आतल्यात.
मग त्याचं अर्धं.
मग त्याचंही.

झिगमास, माझ्या पाळीतला, म्हणाला, उडवून टाक सगळं,
नवं उतरवून घेईल ती.
त्यानं स्वतःच्या लग्नाचे फोटो असेच घालवले होते.

चार संध्याकाळी गेल्या.
हाताशी हात म्हणून खणही लावत गेले :
केसांत केस, भांड्यांत भांडी,
आणि एक खण 'हे काय आहे देव जाणे',
तोच सगळ्यांत फुगला.

नवव्या खेपेला गेम उघडला.
एक स्वयंपाकघर. हिरव्या फरशा.
खिडकीचा तडा आमच्याच खिडकीचा,
वर चिकटपट्टीसुद्धा.
ओट्यापाशी एक ठेंगणी बाई,
समोरच्या दोन दातांत फट,
अंगात कुठलासा भलताच गुलाबी टीशर्ट.
ती माझ्याकडे न बघता
बशी धूत राहिली, धुतलेलीच बशी.
मी जिभेनं माझी फट चाचपली.

मग अठरा. मग नऊ. मग पाच, मग दोन.
शेवटी एकच उरली :
आईचं_जाकीट_२.

चित्र उघडून पाहिलं. पिवळं,
चमकत्या दोन पट्ट्या, छातीवर माझा सत्तावीस नंबर.
डाव्या बाहीवर, कोपराच्या खाली,
मसुराएवढा जळका डाग.

तो डाग मी कधी कुणाला दाखवला नव्हता.
सिगरेट सोडली म्हणून सांगितलं होतं घरी,
बाही दुमडून यायचे,
वर तोंडात पुदिन्याची गोळी.
तेरा वर्षांच्या मुलीनं तो मोजून काढलाय,
कडेचा तपकिरी रंगही सोडला नाही.

सापडलं, मी फोन केला.
काय होतं?
कपडा कसलातरी, जुना.
मग फेक ना, ती म्हणाली. आणि आई,
पडदे चालतायत ना?
चालतायत, म्हटलं.

पेनड्राइव्ह सोमवारी टपालात टाकला.
खणांवर नावं, नावांखाली आकडे,
ती हसेल, हसू दे.

आमच्याकडे नाकारलेला माल त्याच दिवशी फेकत नाहीत.
शेवटच्या फळीवर ठेवतात, चिठ्ठी लावून,
वरिष्ठाची सही होईपर्यंत.
या घरात वरिष्ठ कोण, ते अजून ठरलेलं नाही.

फक्त एक विचारायचं राहिलं उर्तेला :
ती बाई उद्या कामावर जाईल
तेव्हा उणे बावीसला
त्या गुलाबी टीशर्टात कशी उभी राहील.