बंबूनाना

श्रीपत वडके तांबट आळीतला.
बाप हंडे ठोकायचा, काका घागरी,
हा चुलीतला कोळसा घेऊन
हंड्याच्या पोटावर नाकडोळे काढायचा.
गिऱ्हाईक हसायचं
आणि हंडा ठेवून निघून जायचं.

एकावन्न साली तो ‘दैनिक सूचक’मध्ये आला.
मी तिथे खिळेजुळारी, चौदा वर्षांचा,
रविवार कारंजामागे, जिन्याखालच्या खोलीत.
संपादक म्हणाले, ‘रोज हसवाल?’
‘हसण्याचं सांगता येत नाही,
तीन चौकटी भरून देईन.’
चौकटीला चार आणे ठरले. शाई ज्याची त्याची.

असा बंबूनाना जन्मला.
नाकाच्या जागी तोटी, पोट गोल,
राग आला की टोपीतून वाफ.
नळ कोरडे पडले तेव्हा
नाना नगरपालिकेच्या पायरीवर बसून
अंगातलं पाणी तांब्यातांब्यानं विकत होता.
पूर आला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात
दुतोंड्या मारुतीला विचारत होता,
‘देवा, चढतंय की उतरतंय?
आणि हे कुठल्या तोंडानं सांगतोस?’

त्या चित्राला गाव आठवडाभर हसलं.
अध्यक्षांनी मात्र आरशात बघितलं असावं.
त्यांचंही पोट गोल होतं.
नगरपालिकेच्या जाहिराती थांबल्या,
आमचा पगार थांबला,
आणि संपादक टेबलाकडे बघत म्हणाले,
‘वडके, नानाला जरा बारीक करा.’

श्रीपत काही बोलला नाही.
टाकाचं टोक तेवढं बदललं.

सोमवारी नानाची एक वळी गेली.
गुरुवारी कोटाचं बटण लागलं,
जे जन्मात लागलं नव्हतं.
महिन्यानं तोटी खाली झुकली, वाफ बंद.
मग पत्रं.
सिन्नरच्या एका वैद्यांना जंतांचा संशय होता.
ओझरच्या चौथीच्या वर्गानं विचारलं होतं,
नाना घरी भांडून आलेत का?
चांदोरीच्या भागूबाई टर्ले यांनी
डिंकाचे लाडू धाडले,
डब्यात चिठ्ठी: फक्त नानांसाठी.
आम्ही सहा जणांनी माना खाली घालून खाल्ले.
श्रीपतनं अर्धा खाल्ला,
आणि दुसऱ्या दिवशी नानाच्या गालात
एक बारीकसा फुगवटा होता.
संपादकांनी तो पांढऱ्या रंगानं झाकला.

दिवाळीच्या आत नाना रेघ झाला.
उभी, काळी,
पहिल्या आणि दुसऱ्या चौकटीच्या मधली.
गाव म्हणालं, गेला बिचारा.
जाहिराती आल्या. पगार आला, दोन महिन्यांचा एकदम.

शेवटच्या दिवशी श्रीपतनं मला
जस्ताची एक पट्टी दिली, फडक्यात गुंडाळून.
‘नगरपालिकेच्या बातमीशेजारी लावत जा.’
मी लावत गेलो. रोज. सव्वीस वर्षं.
मधोमध ती केसभर पोट काढून उभी असायची.
मशीनवरचा गुलाब शेख म्हणायचा,
‘रूळ वाकलाय रे, बदल.’
मी म्हणायचो, राहू दे.

श्रीपत पुढे दुकानांच्या पाट्या रंगवायचा,
लग्नपत्रिकांचे गणपती,
मग द्राक्षांच्या पेट्यांवरचा घड.
गणपती त्याचे फार रोड असत.
लोक पैसे कापून घेत.
मेला तेव्हा आम्ही चार ओळींची बातमी दिली,
त्यातली एक प्रुफात गेली.

अठ्ठ्याहत्तरला ऑफसेट आलं.
जुने ठोकळे किलोवर गेले, तांबट आळीतच.
जस्त होतं, तांब्यात पडलं की पितळ.
पट्टी मागून घ्यावी म्हणून पुढे झालो,
तोवर तराजू वर गेला होता.

आता सकाळी पेपर आला की
चष्मा लावायच्या आधी
रेघांवरून बोट फिरवतो. सगळ्या सरळ.
सून म्हणते, बाबा, हात धुऊन या,
चहा ओतलाय.