उरलेलं

बोटाला लावलेली चिमटी लाल जळत होती.
तिचा आकडा अठ्ठ्याण्णव.
काचेबाहेरूनच हात जोडले मी,
शंभराला दोन कमी, आणखी काय मागायचं?

दाक्षायणी सिस्टर म्हणाली, अक्का, तो नव्हे.
ती मुरगोडची, मराठी तिची अडखळत,
माझं कन्नड सूतवाल्याच्या दुकानापुरतं,
पण आकडे मला सगळे येतात.
तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं.
नलवत्तोंबत्तु.
एकोणपन्नास.

डॉक्टर हुक्केरी उभ्याउभ्याच बोलले:
वरचा आकडा, रक्त निघताना काय घेऊन निघालं.
खालचा, अंगभर फिरून परत हृदयाशी आलं
तेव्हा त्यातलं किती उरलं.
मानेतून आत गेलेली तार रात्रभर तेवढंच बघते.
पहाटेपर्यंत साठाच्या वर टिकला, तर नळी काढू.
आणि नाही टिकला, तर?
त्यांनी चष्मा पुसला. पुसायला काही नव्हतं त्यावर.

वडगावात आमचे दोन माग, भाड्याच्या शेडात.
वीस वर्षं मी कांड्या भरते, हे चालवतात.
धोटा जातो, धोटा येतो,
आणि आल्या धोट्याच्या नुसत्या आवाजावरून
हे सांगतात कांडीवर किती सूत आहे.
कधी चुकले नाहीत.
आता हे झोपलेत, तोंडात नळी,
आणि यांची कांडी मी बघतेय,
काचेतून, परक्या यंत्रावर.

अडीच वाजता यांना हुडहुडी भरली.
दात वाजेनात नळीमुळे, पण पलंगाची कड वाजत होती.
ऐवत्तेरडुवर आलेला आकडा
घसरला. नलवत्तेळु. नलवत्तारु.
कापायला पण दम लागतो, अक्का,
सिस्टर धावताधावता म्हणाली,
थंडी सगळं खाऊन टाकते.
गरम हवेचं पांघरूण आलं, फुगलं,
सुईतून काहीतरी गेलं.
मी बाकावरच्या माझ्या चादरीची घडी घातली,
मोडली, पुन्हा घातली.
खालच्या रस्त्यानं भाजीचा टेम्पो गेला असावा,
मेथीचा वास आला, का मला वाटला.

शेडमालकाचा मेसेज होता रात्रीचा:
मष्णू कधीपासून येणार ते सांगा,
नाहीतर दुसऱ्याला देतो माग.
मी काय लिहू?
माझ्याकडे तारीख नाही, एक आकडा आहे,
तोही दर मिनिटाला शब्द फिरवतो.

ऐवत्तैदु.
ऐवत्तेंटु.
मग कितीतरी वेळ ऐवत्तेंटुच.
सिस्टरनं जेवणाचा डबा उघडला, तसाच बंद केला.

साडेपाचला अरवत्तोंदु.
ती काचेपलीकडून ओठांनीच बोलली,
मी पण ओठांनीच वाचलं,
आवाज दोघींनीही केला नाही, मोडेल म्हणून.
सहाला अरवत्तनाल्कु.

नळी निघाली साडेसातला.
मला आत सोडलं, पाच मिनिटं.
घसा फाटलेला, तरी पहिला प्रश्न:
त्या जांभळ्या साडीचं काय झालं,
पदराशी आलेली?
तशीच आहे म्हटलं, मागावर.
यांनी डोळे मिटले. रागावले असतील.

आणि मला आठवलं,
कांडीवर जरा सूत उरून परत आलं
की किती ओरडायचे माझ्यावर:
उरवतेस कशाला? फुकट जातंय ते!
मी काही बोलले नाही.
सिस्टर फाइलीत लिहीत होती. सहा, मग सहा.