तीन खेपांचा पिच्चर

पिच्चर दोन तास चार मिनिटांचा.
टाकी भरायला चाळीस मिनिटं, तेही लाईट असली तर.
म्हणून मी तो तीन खेपांत बघितला,
संखच्या फिलिंग पॉइंटवर, स्टेअरिंगला मोबाईल टेकवून.

पहिली खेप.
काळ्यावर पांढरी अक्षरं : जग संपून तीस वर्षं झाली.
बरं झालं सांगितलं.
आमच्याकडं अशी पाटी कुणी लावली नाही,
त्यामुळं आम्ही अजून आठवड्याचा बाजार भरवतो.

मग राख, मोडके पूल, उंटासारखी हेंदकाळत चाललेली जीप,
तिच्यात एक बाई, जिचं नाव कुणीच घेत नाही.
एक म्हातारा मरता मरता तिच्या तळहातावर
वायसर ठेवतो. साधा, रबरी.
कॅमेरा त्याच्यावर थांबतो, नको तेवढा.
मी सिद्रामला म्हटलं, हे शेवटी कामाला येणार बघ.
सिद्राम आमचा क्लीनर, बारावीला दोनदा बसलेला.
म्हणाला, मामा, पिच्चर बघताय का इंजिन?

इंजिनच.
गोष्ट म्हणजे दुसरं काय असतं?
कुठं भरायचं, कुठं ओतायचं,
आणि मधल्या रस्त्यात कोण आडवं येतं.

दुसरी खेप.
साखळ्या, भाले, आगीचे गोळे.
व्हिलनला लोखंडी जबडा,
धरणाच्या भिंतीवर उभा राहून तो गर्जतो.
इथं पिच्चर घसरला, माझ्या मते.
पाणी ज्याच्या हातात असतं तो ओरडत नाही.
तो हळू आवाजात म्हणतो,
साहेब मिटिंगला गेलेत, सही उद्या होईल.

आणि एवढ्या धुमश्चक्रीत
कुणी डिझेल भरत नाही, पंक्चर काढत नाही,
लघवीला थांबत नाही.
मधला भाग लांबतो तो ह्यामुळंच.
काम काढून टाकलं की नुसता वेग उरतो,
आणि वेगाला बघायला किती वेळ लागतो?

एक जागा मात्र पटली.
रात्री, उतारावर, बाई इंजिन बंद करते.
दिवे बंद. जीप आपोआप घरंगळते.
मागं पोर झोपलेलं.
दीड मिनिट कुणी बोलत नाही.
दरीबडचीच्या उतारावर मीही बंद करतो,
डिझेल वाचवायला.
पण त्या दीड मिनिटात डिझेल आठवत नाही, हेही खरं.

तिसरी खेप.
एक तास बावन्न मिनिटांवर बॅटरी गेली.
बाई व्हॉल्व्हपाशी पोचलेली, मूठ मिटलेली.
सिद्रामनं बघितलाय, सांगायला लागला.
मी हात केला. नको.
मूठ उघडेल, वायसर बसेल, पाणी उसळेल,
लोक नाचतील, नावं वर सरकत जातील.
एवढं न बघता कळतं.

नाव सरकून संपल्यावर काय, ते मला माहीत आहे.
पाईप विहिरीत सोडायचा.
पाणी तळाला आपटून आधी गढूळ होतं.
बारा पोहरे एकदम आत पडतात,
दोरांना दोर अडकतात, शिव्या कन्नडमधनं.
टाळ्या नाहीत.
काशव्वा रजिस्टरवर सही करते : बारा हजार लिटर.

बारा हजार नसतं.
मागचा व्हॉल्व्ह गळतो.
संखपासून वस्तीपर्यंत रस्त्यावर ओली रेघ पडते
आणि मागच्या मागं वाळत येते.
कललेल्या मैलाच्या दगडापाशी
एक तांबडी कुत्री असते, दोन-तीन होले.
तिथं गतिरोधक नाही.
मी तरी ब्रेक दाबतो. थोडा वेळ थांबतो. बिडी पेटवतो.

नवा वायसर ड्रॉवरमध्ये पडून आहे,
जतमधनं आणलेला, पंधरा रुपयांचा,
दीड महिना झाला.
सिद्रामला परवा फडकं शोधताना सापडला.
बोटात घालून फिरवत म्हणाला,
मामा, तुम्हीच म्हणाला होता ना,
दाखवलेली वस्तू शेवटी वापरायची असते?

पिच्चरमध्ये असते, म्हटलं,
ठेव तिथंच,
आणि गिअर टाकला.